सहा मोजेपर्यंत

द्वारकी गेल्याचं मला सुक्या मासळीच्या टोपलीबरोबर कळलं. पौषातली सकाळ होती. शाळेत जायची घाई होती, मी कोटाची बटणं लावत होतो, आणि दारात एक तरुण मासेवाली टोपली उतरवून उभी राहिली. मी आतूनच म्हटलं, "आज नको गं, सोडे आहेत घरात." ती हलली नाही. म्हणाली, "इकायला न्हाय आलंय मी. चित्राचं मास्तर तुमीच ना? मी हर्ण्याची शेवंती, हितं बाजारात बसतंय. द्वारकीमावशीची भाची. मावशी गेली... महिना झाला. ताप आला, चार दिसांत आटपला सगळा." मग तिनं बोंबलांच्या खालून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमाला द्यायला सांगितलान. काच हाय, जपून." मी तिला आत ये म्हणालो नाही, बस म्हणालो नाही. 'बरं' म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमी वळखत व्हतास ना तिला?" हो म्हणायला मला जितका वेळ लागला तितक्यात तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती उतरणीला लागलीसुद्धा.

द्वारकी कोण, हे रत्नागिरीतल्या पुष्कळ वाचकांना आठवेल. ज्यांना आठवेल ते कबूल करणार नाहीत, एवढंच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मासिकात एक फोटो छापून आला होता. समुद्रकाठचे काळे खडक, त्यांवर एक पुरुष आणि एक स्त्री, अंगावर सूतही नाही. बाईचा चेहरा स्वच्छ दिसतो, पुरुष पाठमोरा. वाचनालयातल्या अंकाचं ते पान दोन दिवसांत इतकं हाताळलं गेलं की त्याचे कोपरे काळे पडले. तिसऱ्या दिवशी ते कुणीतरी फाडून नेलं, आणि मग ज्यांनी ते सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं होतं तेच सगळ्यांत मोठ्यानं छी-थू करू लागले. ती बाई द्वारकी. पुरुष कोण, याबद्दल मात्र बरेच तर्क चालले. कुणी म्हणे मुंबईचा पैलवान, कुणी म्हणे उन्हात रापलेला गोरा साहेब. माझं नाव कुणीही घेतलं नाही. कोण घेणार? मी मधोमध भांग पाडणारा, खाली मान घालून चालणारा, शाळेत नुकताच चिकटलेला ड्रॉइंग मास्तर. तो पाठमोरा पुरुष मी होतो. हे एवढंसं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्या गावात तेव्हा भाऊ म्हणून एक फोटोग्राफर होते. लग्नाचे, मुंजीचे, कचेरीतल्या मंडळींचे ओळीनं बसवलेले फोटो काढून ते पोट भरत, आणि त्या फोटोंचा त्यांना मनापासून कंटाळा होता. मुंबईला चित्रकला शिकलेले. माणसाचं उघडं अंग आणि कोकणातला कातळ दोन्ही एकाच हातानं घडवलेलं आहे, तेव्हा एकालाच झाकायचं कारण काय, असं ते मला विचारत, जणू झाकायचा हुकूम मीच काढला होता. मी त्यांच्याकडे जाई तो चित्रं दाखवायला आणि कॅमेऱ्याचं काम शिकायला. नोकरीसाठी अर्ज केला होता, उत्तराची वाट पाहत होतो. महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. द्वारकीचा नवरा खलाशी. तो त्या युद्धात बोटीवर गेला तो आलाच नाही. मग मुंबईत तिनं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे मॉडेल म्हणून बसायचं काम धरलं. भाऊंची तिची ओळख तिथलीच. पुढे ती रत्नागिरीला दिराच्या घरी येऊन राहिली आणि काजूच्या बागेत कामाला जाऊ लागली. भाऊंनी विचारलं तेव्हा तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. "कष्टाचाच काम हाय," ती म्हणाली, "वझा उचलायचा तसा उभा ऱ्हायाचा."

पुरुष म्हणून भाऊंनी खरोखरच एक पैलवान आणला होता. गडी अंगाला तेल चोपडून आला, मिशीला पीळ देऊन खडकावर चढला, आणि भाऊंनी भिंगावरचं झाकण काढलं की फसकन हसायला लागला. पायावरून कुर्ली गेली म्हणून हसला, वारा लागला म्हणून हसला. काचेच्या चार प्लेटा फुकट गेल्या. भाऊंनी त्याला घरी पाठवलं आणि काळा कपडा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून बघत राहिले. मी तेवीस वर्षांचा होतो, खाडीत पोहून अंग पिळदार झालं होतं. मी म्हटलं, उभा राहीन, पण माझं तोंड दिसता कामा नये. एकाही प्लेटीत नाही. भाऊंनी ते कबूल केलं, आणि मग न्यायाला धरून तिलाही विचारलं, "तुझं काय?" द्वारकी वाळूत बसून पायातला काटा काढत होती. तिनं मान वर केली नाही. "माजा तोंड कोन बघनार? बघलान तर बघलान." मला तेव्हा ते बेफिकिरीचं बोलणं वाटलं. दोघांपैकी शहाणा मी, असंच मला वाटत होतं.

गावापासून कोसभर दक्षिणेला सड्यावरून, उघड्या कातळमाळावरून, समुद्रात उतरणारी एक घळ होती. वर लाल जांभा, खाली काळा खडक, आणि वाट इतकी अडचणीची की गुराखीसुद्धा तिकडे फिरकत नसत. भाऊ पुढे, त्यांच्यामागे डोक्यावर कॅमेऱ्याची पेटी घेऊन द्वारकी, आणि तिच्या मागे वीस-पंचवीस पावलं सोडून कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकलेला मी. कुणी पाहिलं तर वेगवेगळे दिसावं म्हणून ती पावलं मी मोजूनमापून सोडत असे. खाली पोचलो की भाऊ आमच्याकडे पाठ करून कॅमेरा लावायला घेत. तिनं पहिल्या दिवशी लुगडं घडी घालून ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला, आणि सरळ जाऊन खडकावर उभी राहिली. मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. चित्रात मी शेकडो हात काढले होते. "मास्तर," ती म्हणाली. मी मास्तर झालो नव्हतो तेव्हापासून ती मला मास्तर म्हणायची. "तुमी चित्रा काडतास ना? मग मला झाड समजा." मी विचारलं, "आणि तुम्ही मला काय समजणार?" तेव्हा ती हसली. "तुमाला मानूसच समजनार. झाड असा थंडीनं काकडत न्हाय."

भाऊंना ऊन वर यायच्या आधीचा उजेड हवा असे. त्या उजेडात सहा मोजेपर्यंत भिंग उघडं ठेवावं लागे, म्हणजे खडक खडकासारखा येई आणि हलणाऱ्या पाण्याचा धूर होई. ते सहा संपेपर्यंत आम्ही श्वास रोखायचा. भाऊ हात वर करत तेव्हा सुरुवात, हात खाली केला की सुटका. समुद्राच्या आवाजात मोजलेलं ऐकू येत नसे. आता माझी अट अशी की माझं तोंड दिसायचं नाही. म्हणून पहिल्या फोटोत भाऊंनी मला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं, कपाळ तिच्या खांद्यावर टेकवायला लावलं, आणि तिचा हात माझ्या पाठीवरून नेऊन उजव्या पाखोट्यावर, खांद्यामागच्या हाडावर, ठेवला. मला भाऊंचा हात दिसणार कसा? मी तसं पुटपुटलो तर कानाशी ती म्हणाली, "मी हाय ना. मी बघतंय. बोट मारीन सा येळा. सावा मारला की सोडा." आणि मग ते बोट... एक... दोन... इतकं हलकं, की पाठीवर माशी बसली असती तर जास्त कळलं असतं. पण तिसऱ्या बोटाला माझं काकडणं थांबलं. लाज, थंडी, पायाखाली टोचणाऱ्या कालवांच्या कडा, सगळं कुठेतरी गेलं. सहाव्याला आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. तिच्या श्वासाची ऊब माझ्या मानेवर आली, आणि आपण इतका वेळ कुणाच्या तरी भरवशावर श्वास धरून होतो हे मला कळलं.

प्लेट धुतल्यावर भाऊ चिडले. सगळं काचेवर रेखीव उतरलं होतं, पण तिचं ते एक बोट हललेलं, पुसट. "अगं, श्वास रोखून बोट हलवायचं असतं का? प्लेट गेली ना!" द्वारकी म्हणाली, "त्यांना दिसत न्हाय, तर सांगायचा कसा?" भाऊंनी काच पुन्हा उजेडाला धरली, बराच वेळ पाहिली, आणि आवाज उतरवून म्हणाले, "हिच्यात दोन चुका आहेत. एक बोटाची. दुसरी मी सांगत नाही." मला वाटलं, भिंग नीट जुळलं नसेल. त्यानंतर बोट मारायचं तिनं सोडलं. ती नुसतं दाबत असे, सहा वेळा, जागेवरून न हलवता. ते काचेला कधी कळलं नाही.

त्या एका थंडीत आम्ही दहा-बारा वेळा घळीत गेलो. आमच्यात काय होतं, हे मी इतकी वर्षं स्वतःलाच विचारत आलो आहे. कपडे चढवले की आम्हाला एकमेकांशी बोलायला काही नसे. ती तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून हातावर ठेवी, मी खाई, आणि परत वीस-पंचवीस पावलं सोडून चालू लागे. पण खडकावर उभे राहिलो की मला तिला काही सांगावं लागत नसे. माझ्या डाव्या पायाला रग लागली की ती आपलं वजन न बोलता उजवीकडे घेई. लाट अंगावर येणार हे तिच्या खांद्यावरून मला आधी कळे. भाऊ म्हणत, "तुम्ही वेगवेगळे उभे राहिलात की दोन शरीरं दिसतात. एकत्र उभे राहिलात की काहीतरी होतं. मला ते डोळ्यांनी पकडता येत नाही, पण प्लेट पकडते." घरी आल्यावर मी पाठीवर सदरा चढवायला उशीर करत असे. माझं तिच्यावर प्रेम होतं. तेव्हा मला तो शब्द उच्चारायची हिंमत नव्हती. आता आहे, आणि आता ऐकायला ती नाही. शेवटच्या दिवशी मी तिला सांगितलं की माझ्या नोकरीचं पत्र आलं. ती खूश झाली. "आता खरंच मास्तर झालास तुमी." मी आणखी काही बोलेन म्हणून ती थोडी थांबली असावी. मी तिकाटणं उचललं आणि चालू लागलो.

आणि मग तो अंक आला. वाचनालयाच्या ओटीवर आमचे हेडमास्तर, दोन वकील आणि मी असे बसलो होतो. हेडमास्तरांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "अहो मास्तर, तुम्ही या विषयातले. कलेच्या दृष्टीनं काय म्हणता?" माझ्या स्वतःच्या पाठीकडे बघत मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "उजेड बरा साधलाय. पण असल्या बायका आणून कला होत नसते." वकील हसले. हेडमास्तरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून मी त्या मंडळींत बसायला लायक ठरलो.

द्वारकीला दिरानं घराबाहेर काढलं. बागेतलं काम गेलं. आठ दिवसांनी बाजारात, फुलं घेऊन मी हेडमास्तरांबरोबर परतत होतो, तेव्हा ती समोरून आली. बगलेत गाठोडं होतं. मला पाहून तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला मी पाहिला, हे मला लपवायचं नाही. "मास्तर," ती म्हणाली, "मी सांजच्या बोटीनं हर्ण्याला जातंय." हेडमास्तर थांबले. त्यांनी तिला ओळखलं होतं, आणि आता ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "कोण आपण, बाई? मी ओळखत नाही." पुढे काय होतं ते तिच्या हातात होतं. एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी त्या रस्त्यावरच संपली असती. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "चुकला माजा, बाबा. तोंडावरून वळखायची मला सवय न्हाय." हेडमास्तरांना वाटलं, बाई वेडसर आहे. ती वळली आणि धक्क्याकडे गेली. तिची पाठ मी प्रथमच इतका वेळ पाहत उभा होतो.

पुढे सांगण्यासारखं काही झालं नाही, आणि माझ्या आयुष्याबद्दलही तेच म्हणता येईल. भाऊ मुंबईला गेले आणि तिकडेच वारले. मी लग्न केलं नाही. चार मुली सांगून आल्या, चारही वेळा मी काहीतरी खोड काढली. भाड्याची खोली, एक खिडकी, एक स्टोव्ह, भिंतीवर मुलांनी काढलेली कलिंगडं. सुटीत आगबोटीनं मुंबईला जाताना बोट हर्ण्यासमोर थांबे. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चाललेला असे, पडावांची गर्दी, बायकांचा कालवा. ती तिथं मासे कापते, वाळवते, हे मला कुणाकुणाकडून कळलं होतं. बोट थांबली की मी उठून दुसऱ्या बाजूला, जिथून नुसता समुद्र दिसतो तिथं, जाऊन बसत असे. दरवर्षी. बाकी उतारू किनारा बघायला एका कडेला गर्दी करायचे आणि मी एकटा दुसऱ्या कडेला.

शेवंतीनं दिलेलं पुडकं मी आठवडाभर सोडलं नाही. काय असेल ते लुगड्याच्या तुकड्यातून हाताला कळत होतं. रविवारी सकाळी सोडलं. तीच पहिली प्लेट. भाऊंनी फुकट गेली म्हणून टाकलेली, आणि त्यांनी ती तिला देऊन टाकली असावी. खाऱ्या हवेनं एका कोपऱ्यावरचा थर उडाला होता, बाकी शाबूत. काचेवर सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, त्यामुळे काही नीट कळेना. माझ्याकडे जुनी छापायची चौकट होती. उन्हात छापायचा कागद बाजारातून आणला, काचेखाली घातला आणि चौकट खिडकीत ठेवली. कागद हळूहळू तांबूस होत गेला. आधी खडक आले, मग माझी पाठ, मग तिचा हात. पाठीवर ते बोट, पुसट, एकाच्या जागी तीन-चार दिसणारं. आणि सगळ्यांत शेवटी तिचा चेहरा.

तिचे डोळे मिटलेले होते.

भाऊंनी न सांगितलेली दुसरी चूक ती ही. मी बघतंय म्हणाली, आणि बघत नव्हती. भाऊंचा हात वर गेला की खाली आला, तिनं पाहिलंच नव्हतं. ते सहा तिचे स्वतःचे होते. डोळे मिटून, गाल माझ्या केसांना लावून, ती आपल्या मनानं मोजत होती, आणि माझं काकडणं थांबवत होती. मी चौकट पालथी घातली आणि खाली जमिनीवर बसलो. रडलो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी मासळीबाजारात गेलो. शेवंती टोपल्यांमागे बसली होती, भोवती गिऱ्हाईक होतं, त्यात आमच्या शाळेचे दोन मास्तरही होते. मी म्हटलं, "शेवंते, तू मला विचारलं होतंस. मी तुझ्या मावशीला ओळखत होतो. फार चांगलं ओळखत होतो." तिला त्यात नवल वाटलं नाही. बोंबील निवडता निवडता ती म्हणाली, "ठाव हाय. सनासुदीला मावशी ती काच काडून उन्हाला धरी. आमी इचारू, ह्यो पाठमोरा कोन गं? तर म्हनं, माज्या वळखीचा मानूस हाय." मग तिनं वर बघून विचारलं, "सोडे देऊ?" मी दे म्हणालो.

काच आता माझ्या खिडकीच्या तावदानाला टेकवून ठेवली आहे. सकाळचं ऊन तिच्यातून आत येतं. मी संपादकांना कळवलं आहे की लेखाखाली माझं पूर्ण नाव घाला, शाळेच्या नावाशिवाय. हेडमास्तर तेच आहेत. वर्तमानपत्राची पुरवणी रविवारी निघते, म्हणजे सोमवारी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असेल. ते मला बोलावतील, कदाचित दुपारपर्यंत वाट बघतील. तोवर माझा पहिला तास आहे, चौथीचा. फळ्यावर घागर काढून दाखवायची आहे. ड्रॉइंग मास्तराचा जन्म मुलांकडे पाठ करून उभं राहण्यात जातो. मी खडू घेऊन फळ्याकडे वळेन, मागे कुजबुज सुरू होईल, चाळीस पोरं माझ्या पाठीकडे बघतील... उजव्या पाखोट्याशी, कोटाखाली, जिथं त्यांना काही दिसणार नाही तिथं ते बोट असेल. मी श्वास धरीन आणि घागरीची पहिली रेघ ओढीन. बघलान तर बघलान.